आमच्या विद्यापीठाला अध्यक्ष हवा होता

अमेरिकेच्या दक्षिणेतील ज्या छोट्या खासगी विद्यापीठात मी रसायनशास्त्र शिकवते, त्याच्या अध्यक्षांनी मुदत संपण्यापूर्वीच पद सोडले. नव्या अध्यक्षांच्या शोधासाठी विश्वस्त मंडळाने समिती नेमली आणि प्राध्यापक सभेने तिच्यावर जे दोन प्रतिनिधी निवडून पाठवले, त्यांतली एक मी होते. उमेदवारांची ओळख उघड न करण्याच्या करारावर आम्ही सर्वांनी सह्या केल्या आहेत, म्हणून या लेखात त्यांच्यापैकी कोणाचेही नाव येणार नाही आणि माझ्या संस्थेचेही येणार नाही. मात्र ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांचे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठाचे, इकडच्या बोलण्यातल्या ‘एचबीसीयू’चे, नेतृत्व करणे म्हणजे नेमके काय काम असते हे मला त्या समितीत बसल्यावर जितके समजले तितके वर्गात शिकवताना कधीच समजले नव्हते, आणि ते मराठीत लिहून ठेवावे असे मनापासून वाटते.

या संस्थांची कायदेशीर व्याख्या १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यात आहे. १९६४ पूर्वी स्थापन झालेली, कृष्णवर्णीयांचे शिक्षण हे मुख्य ध्येय असलेली आणि मान्यताप्राप्त, अशी ती संस्था असावी लागते. आज अशा संस्था शंभरच्या आसपास आहेत. पेनसिल्व्हेनियातील चेनी १८३७ पासूनची आहे, परंतु बहुतेक संस्था यादवी युद्ध संपून गुलामगिरी कायद्याने गेल्यानंतरच्या दशकांत उभ्या राहिल्या. अटलांटातील स्पेलमनचे पहिले वर्ग एका चर्चच्या तळघरात भरले आणि नॅशव्हिलच्या फिस्कचे सैन्याने रिकाम्या केलेल्या बराकींत. देशातील महाविद्यालयांत त्यांचे प्रमाण जेमतेम तीन टक्के असले, तरी कृष्णवर्णीय पदवी-विद्यार्थ्यांपैकी सुमारे दहा टक्के विद्यार्थी त्यांच्याकडे शिकतात.

महाराष्ट्रातील वाचकाला कुलगुरूंच्या निवडीची पद्धत परिचित असते. शोधसमिती नावांची शिफारस करते आणि कुलपती या नात्याने राज्यपाल पाच वर्षांसाठी नेमणूक करतात. आमच्यासारख्या खासगी विद्यापीठाशी राज्यपालांचा काही संबंध नसतो. विश्वस्त मंडळच अध्यक्ष नेमते, त्यांचे वेतन ठरवते, त्यांच्या कामाचे मूल्यमापन करते आणि मनात आले तर त्यांना घरीही पाठवते. दुसरा फरक पैशाचा आहे. वेतन, वसतिगृहे, प्रयोगशाळा आणि गळकी छपरे या सर्वांसाठी लागणारा पैसा उभा करणे हा अध्यक्षांच्या कामाचा गाभा असतो, आणि तो कमी पडला की जाब द्यायला त्यांच्याशिवाय दुसरे कोणी नसते.

समितीत विश्वस्तांचे बहुमत होते. आम्हा दोघा प्राध्यापकांखेरीज माजी विद्यार्थी संघाच्या अध्यक्षा, कर्मचाऱ्यांचे एक प्रतिनिधी, आमची संस्था ज्या चर्चने स्थापन केली त्याचे बिशप आणि विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष असे सदस्य होते. मदतीला एक सल्लागार संस्था होती. अध्यक्षाकडून काय अपेक्षा आहेत हे सांगणारे माहितीपत्र तयार करणे हे पहिले काम, आणि ते लिहिण्यापूर्वी विद्यापीठातील व गावातील लोकांचे म्हणणे ऐकून घेण्याच्या बैठका घ्यायच्या होत्या. मला सुरुवातीला या बैठका उपचार वाटत होत्या. प्राध्यापकांनी अध्यापनाचा भार कमी करण्याची मागणी केली. आमच्याकडे प्रत्येक सत्रात चार विषय शिकवावे लागतात आणि संशोधनाला उरते ती फक्त उन्हाळ्याची सुटी, त्यामुळे ती मागणी रास्तच होती. माजी विद्यार्थ्यांना मार्चिंग बँडचे नवे गणवेश आणि होमकमिंगच्या, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक मेळाव्याच्या, आठवड्याची पूर्वीची रया परत हवी होती. परंतु भोजनगृहात अनेक वर्षे काम करणाऱ्या एका बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “कोणत्या मुलाचे जेवणाचे कार्ड बंद पडले आहे, हे हिशेब खात्यातल्या लोकांना कळण्याआधी आम्हाला कळते. नवे अध्यक्ष येतील त्यांना सांगा, आधी आमच्याकडे येऊन विचारा.” माहितीपत्राच्या छापील भाषेत हे वाक्य बसले नाही, पण पुढे प्रत्येक मुलाखतीत आम्ही जो प्रश्न विचारला तो याच वाक्यातून निघाला.

कार्ड का बंद पडते, ते सांगायला हवे. आमचे बहुसंख्य विद्यार्थी अल्प उत्पन्नाच्या घरांतून येतात आणि केंद्र सरकारच्या पेल अनुदानाला पात्र असतात. पेल अनुदान, संस्थेने दिलेली सवलत आणि विद्यार्थ्याचे कर्ज मिळून फी आणि वसतिगृहाचा खर्च पूर्ण भागत नाही. उरलेली रक्कम बहुतेक वेळा आईवडील ‘पॅरेंट प्लस’ नावाचे केंद्रीय कर्ज घेऊन भरतात. ते नाकारले गेले की विद्यार्थ्याच्या खात्यावर ‘होल्ड’ लागतो, नोंदणी अडते आणि त्यामागून भोजनाचे कार्ड. २०११ च्या शेवटी केंद्रीय शिक्षण खात्याने या कर्जासाठी पालकांच्या पतइतिहासाची अट कडक केली, तेव्हा पुढच्याच शैक्षणिक वर्षी हजारो पालकांचे अर्ज फेटाळले गेले आणि एचबीसीयूंमधील विद्यार्थिसंख्या घसरली. फीवर अवलंबून असलेल्या छोट्या संस्थेत विद्यार्थी कमी झाले की त्याच वर्षीचे अंदाजपत्रक कोसळते. श्रीमंत विद्यापीठे असा धक्का संचित निधीच्या व्याजावर झेलतात. हार्वर्डचा निधी पन्नास अब्ज डॉलरच्या वर आहे, तर एचबीसीयूंमध्ये सर्वांत मोठा असलेला वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाचा निधी सुमारे एक अब्ज. आमच्या आकाराच्या संस्थांचा निधी याच्या शेजारी मांडावा असा नसतोच.

ही गरिबी कोणाच्या गैरकारभाराने आलेली नाही, हे मला ठामपणे सांगायचे आहे, कारण समितीतील काही चांगल्या माणसांच्याही मनात तसा संशय होता. सरकारी एचबीसीयूंच्या बाबतीत तर हिशेबच मांडला गेला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या शिक्षणमंत्र्यांनी व कृषिमंत्र्यांनी सोळा राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे लिहिली आणि १८९० च्या कायद्यान्वये उभ्या राहिलेल्या कृष्णवर्णीय विद्यापीठांना त्यांच्याच राज्यातील गोऱ्यांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठांच्या तुलनेत तीन दशकांत बारा अब्ज डॉलरहून अधिक रक्कम कमी दिली गेली असे दाखवले. मेरीलँडमध्ये २००६ साली दाखल झालेला अशाच स्वरूपाचा खटला २०२१ मध्ये ५७ कोटी ७० लाख डॉलर देण्याच्या तडजोडीने मिटला. खासगी संस्थांच्या वाट्याला असा हिशेब मागण्याची सोयही आली नाही. त्यांचे माजी विद्यार्थी शिक्षक झाले, परिचारिका झाल्या, धर्मोपदेशक झाले. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या घर किंवा जमीन विकत घेऊ दिली गेली नाही, त्यांनी आपल्या महाविद्यालयाला मोठ्या देणग्या कोठून द्याव्यात?

उन्हाळ्यात भारतात गेले की नातेवाईक विचारतात की आता सर्व विद्यापीठांचे दरवाजे उघडे असताना ही वेगळी विद्यापीठे कशाला चालवायची. एक तर या संस्थांनी आपणहून दुसऱ्या वंशाच्या कोणाला दार बंद केले नाही, आणि आज त्यांच्यातील सुमारे एक चतुर्थांश विद्यार्थी कृष्णवर्णीय नाहीत. दुसरे उत्तर माझ्या स्वतःच्या शिक्षणात आहे. नागसेनवनातील ज्या मिलिंद महाविद्यालयात माझे पदवीचे शिक्षण झाले, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये सुरू केले. मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेल्या, घराण्यात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या मुलामुलींना तेथे आपण पाहुणे आहोत असे वाटत नसे. अशा वातावरणाचे मोल ज्याला ते सर्वत्र फुकट मिळते त्याला कळत नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले होते, आणि डुबॉइस फिस्कचे पदवीधर व अटलांटा विद्यापीठाचे प्राध्यापक होते, ही गोष्ट मी समितीच्या एका बैठकीत सांगितली, तेव्हा बिशपसाहेबांनी ती लिहून घेतली.

अर्ज आणि शिफारशी चाळून सल्लागारांनी आमच्यापुढे निवडक नावे ठेवली आणि पहिल्या फेरीच्या मुलाखती विमानतळाजवळच्या एका हॉटेलात झाल्या. उमेदवार दुसरीकडे जबाबदारीच्या पदांवर असतात आणि त्यांनी अर्ज केल्याचे फुटले तर तेथील त्यांचे बस्तान उठते, म्हणून वेळा अशा आखलेल्या होत्या की एक उमेदवार दुसऱ्याच्या नजरेस पडू नये. पहिल्या काही तासांतच समितीचा ओढा दिसू लागला. तो होता मोठ्या नावाकडे. ज्याला देश ओळखतो, जो दूरचित्रवाणीवर दिसतो आणि ज्याच्या एका फोनवर देणगीदार येतील, असा माणूस विश्वस्तांना हवा होता. अशी अपेक्षा निराधार नव्हती. २०२० मध्ये दानशूर मॅकेन्झी स्कॉट यांनी टेक्सासमधील प्रेअरी व्ह्यू विद्यापीठाला पाच कोटी डॉलर दिले, तेव्हा तेथे पूर्वी ब्राऊन विद्यापीठाच्या अध्यक्ष राहिलेल्या रूथ सिमन्स होत्या. आणि स्पेलमनला २०२४ च्या आरंभी मिळालेली दहा कोटींची देणगी तर एचबीसीयूला मिळालेल्या एकरकमी देणग्यांमध्ये सर्वांत मोठी ठरली. पण हा ओघ बहुतांशी नावाजलेल्या संस्थांकडे जातो. आमच्यासारखीला ऑगस्टचे वेतन जुलैतच जुळवावे लागते.

म्हणून आम्ही प्रत्येकाला विचारले: “सत्र सुरू होऊन आठवडा झाला आहे, शेकडो विद्यार्थ्यांच्या खात्यांवर बाकी आहे, सर्वांना माफ केले तर वेतन थकते आणि सर्वांना परत पाठवले तर संस्था रिकामी होते. आपण त्या सकाळी काय कराल?” एका नामवंत उमेदवाराने शिक्षणाच्या ध्येयाबद्दल फार सुंदर भाषण केले आणि प्रश्न तसाच राहिला. दुसऱ्याने बाकी वसुलीचे काम बाहेरच्या कंपनीला देण्याचा सल्ला दिला. एका बाईंनी मात्र उलट विचारले की त्या शेकडोंपैकी किती जणांची बाकी हजार डॉलरच्या आत आहे आणि किती जण शेवटच्या वर्षाला आहेत. अटलांटातील जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने अशाच विद्यार्थ्यांना अर्जाविना छोटी अनुदाने देऊन गळती कशी रोखली याची त्यांना तपशीलवार माहिती होती. अनुदान मिळालेला विद्यार्थी टिकला की त्याची उरलेली फी आणि पेल अनुदान विद्यापीठाकडे येते, म्हणून ही दया नसून हिशेब आहे, हे त्यांनी आमच्याच ताळेबंदावरून मांडून दाखवले. हे उत्तर ऐकताना मला बेंजामिन मेज यांची आठवण झाली.

मेज १९४० ते १९६७ अशी सत्तावीस वर्षे अटलांटाच्या मोरहाऊस महाविद्यालयाचे अध्यक्ष होते. त्याआधी, हॉवर्डमध्ये असताना, १९३६ च्या अखेरीस त्यांनी वर्ध्याला येऊन गांधीजींची भेट घेतली होती, आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचे गुरू म्हणून आज जग त्यांना ओळखते. पण मोरहाऊसला ते आले तेव्हा महाविद्यालय आर्थिक डबघाईला आले होते, आणि थकलेली फी वसूल करण्याचा त्यांनी असा धडाका लावला की विद्यार्थी त्यांना ‘बक बेनी’ म्हणू लागले (‘बक’ म्हणजे बोलीभाषेत डॉलर). दुसऱ्या महायुद्धात तरुण सैन्यात गेल्याने वर्ग ओस पडले, तेव्हा शालेय शिक्षण पूर्ण होण्याआधीच हुशार मुलांना परीक्षा घेऊन प्रवेश देण्याची योजना महाविद्यालयाने आखली. त्या योजनेतून १९४४ मध्ये पंधरा वर्षांचे किंग मोरहाऊसमध्ये दाखल झाले. रिकाम्या बाकांची चिंता आणि विद्यार्थ्याच्या भवितव्याची चिंता ज्याच्या डोक्यात एकाच वेळी असते, त्याच्या हातून अशी कामे होतात. त्याच सुमारास टस्कीगीचे अध्यक्ष फ्रेडरिक पॅटरसन यांनी खासगी कृष्णवर्णीय महाविद्यालयांनी एकमेकांशी स्पर्धा न करता एकत्र देणग्या मागाव्यात असा विचार मांडला आणि १९४४ मध्ये सत्तावीस महाविद्यालयांचा युनायटेड निग्रो कॉलेज फंड उभा राहिला. तो आजही चालू आहे.

विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षाचा प्रश्न वेगळा होता. तो प्रत्येकाला विचारी की आम्ही मोर्चा काढला तर तुम्ही कुठे उभे राहाल. या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. १९६० मध्ये अलाबामा स्टेट महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी मॉन्टगोमेरीत फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या उपाहारगृहात बसून आंदोलन केले, तेव्हा गव्हर्नरांच्या दबावाखाली तेथील नऊ विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. अध्यक्ष ट्रेनहोम कृष्णवर्णीय होते, पण संस्था राज्य सरकारच्या पैशावर चालत होती. याउलट नॉर्थ कॅरोलायनातील बेनेट हे खासगी महाविद्यालय. ग्रीन्सबरोत किंग यांच्या भाषणाला कोणी जागा देईना, तेव्हा १९५८ मध्ये अध्यक्षा विला प्लेअर यांनी आपले सभागृह उघडून दिले आणि दोन वर्षांनी त्यांच्या विद्यार्थिनी आंदोलनात उतरल्या तेव्हा त्या त्यांच्या पाठीशी राहिल्या. पैसा कोणाकडून येतो यावर अध्यक्षाला किती ताठ उभे राहता येते हे ठरते, ही गोष्ट त्या विद्यार्थ्याला आमच्यापैकी अनेकांपेक्षा स्पष्ट दिसत होती. शिवाय २०२२ च्या आरंभी एचबीसीयूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक संस्थांना बॉम्बच्या धमक्या आल्या होत्या. पालकांच्या बैठकीत सुरक्षेचा विषय निघाला की सभागृह स्तब्ध होत असे.

अंतिम उमेदवार विद्यापीठात आले तेव्हा वाद पेटला तो एकाच मुद्द्यावर, अध्यक्ष स्वतः एचबीसीयूमध्ये शिकलेला असलाच पाहिजे का. माजी विद्यार्थी संघ त्यावर अडून बसला होता. माझे मत असे की तसे असणे ही मोठी जमेची बाजू आहे, परंतु अट असू नये. मी स्वतः बाहेरून येऊन या संस्थेची झाले आहे. शेवटी तो वाद न मिटता बाजूला पडला, कारण त्याहून अवघड प्रश्न उमेदवारांकडून आला.

ताळेबंदावरून उत्तर देणाऱ्या त्याच बाईंनी विश्वस्तांना विचारले की गेल्या दहा वर्षांत किती अध्यक्ष झाले, त्यांतले किती मुदत पूर्ण करून गेले, आणि खरेदी, नोकरभरती किंवा प्रशिक्षकांच्या नेमणुकीत विश्वस्त थेट कार्यालयांना फोन करतात का. बैठकांची इतिवृत्ते आणि लेखापरीक्षकांनी व्यवस्थापनाला लिहिलेली पत्रे वाचल्याशिवाय आपण होकार देणार नाही, असेही त्यांनी नम्रपणे सांगितले. काही विश्वस्तांना हा उद्धटपणा वाटला. मला वाटले की इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी योग्य ठिकाणी बोट ठेवले. झेवियर विद्यापीठात नॉर्मन फ्रान्सिस १९६८ पासून २०१५ पर्यंत अध्यक्ष राहू शकले आणि त्या काळात न्यू ऑर्लिन्समधील ती संस्था कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना वैद्यकीय महाविद्यालयांपर्यंत पोहोचवण्यासाठी देशभर नावाजली गेली, ती काही दर तीन वर्षांनी अध्यक्ष बदलून नव्हे. नव्या अध्यक्षाला देणगीदारांची ओळख व्हायलाच दोन वर्षे जातात. अध्यक्ष वारंवार बदलले की मान्यता मंडळाचेही लक्ष वेधले जाते, आणि मान्यता गेली की केंद्राचे अनुदान व कर्ज बंद होते, म्हणजे विद्यापीठच बंद होते. अटलांटातील मॉरिस ब्राऊनची मान्यता २००२ मध्ये गेली ती परत मिळायला वीस वर्षे लागली. बेनेटने २०१९ मध्ये पन्नास लाखांचे उद्दिष्ट ठेवून काही आठवड्यांत ब्याऐंशी लाख डॉलर जमवले, तरीही मान्यता मंडळाने आपला निर्णय फिरवला नाही आणि संस्थेला दुसऱ्या मान्यता संस्थेकडे जावे लागले.

हे सारे मी आणि माझ्या सहकाऱ्यांनी समितीत बोलून दाखवले. बिशपसाहेब, ज्यांचे मत विश्वस्त मोलाचे मानतात, सावकाश म्हणाले, “बाईंनी जे मागितले आहे ते आपण पंधरा वर्षांपूर्वीच लिहून ठेवायला हवे होते.” त्यानंतर विश्वस्तांनी आपल्या नियमावलीत दुरुस्ती केली. रोजच्या कारभारात कोणत्याही विश्वस्ताने कर्मचाऱ्यांना थेट सूचना देऊ नयेत आणि अध्यक्षांचे मूल्यमापन वर्षातून एकदा, आधी ठरलेल्या निकषांवर व्हावे, असे तीत आले. मग मतदान झाले, आणि त्याच बाई निवडून आल्या. मतदान एकमताने झाले नाही. एका विश्वस्तांनी राजीनामा दिला.

नव्या अध्यक्षबाईंनी १ जुलैला सूत्रे हाती घेतली. हस्तांतराच्या कागदांत मान्यता मंडळाच्या पाचव्या वर्षाच्या अहवालाचे वेळापत्रक, शिक्षण खात्याच्या आर्थिक स्थितीच्या गुणांकनातील आमचा आकडा, वसतिगृहाच्या बॉयलरच्या दुरुस्तीचे अंदाज आणि बाकी असलेल्या विद्यार्थ्यांची यादी होती. त्यांनी यादीपासून सुरुवात केली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हिशेब खाते, प्रवेश कार्यालय आणि भोजनगृह यांच्या प्रमुखांची रोज सकाळी बैठक होऊ लागली. माजी विद्यार्थी संघाने होमकमिंगसाठी जमवलेल्या रकमेतला काही भाग शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या बाकीसाठी वळवायला संमती दिली, आणि ती रक्कम संपेपर्यंत रसायनशास्त्राच्या माझ्या शेवटच्या वर्षाच्या वर्गातील एकाही विद्यार्थ्याची नोंदणी अडली नाही. रक्कम सप्टेंबरच्या मध्यावर संपली. अध्यक्षबाई त्या आठवड्यात वॉशिंग्टनला गेल्या होत्या, इतर महाविद्यालयांच्या अध्यक्षांसोबत संसद सदस्यांना भेटायला. डिसेंबर २०२० मध्ये पंचेचाळीस एचबीसीयूंचे १ अब्ज ६० कोटी डॉलरहून अधिकचे बांधकाम-कर्ज संसदेने माफ केले, ते अशाच भेटीगाठींच्या पाठपुराव्यातून. परतल्यावर त्यांनी प्राध्यापक सभेत पुढच्या वर्षाच्या निधीचा आराखडा मांडला आणि दर विभागाने निदान एक देणगीदार शोधावा असे सुचवले. आमच्या विभागाने आपल्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी औषधनिर्मिती कंपन्यांत काम करणाऱ्यांना पत्रे लिहायला घेतली आहेत.